होकायंत्राशेजारची माऊली

इनास तांडेलाचा पारा चढला होता. तीस वर्षं बोटीला वाट दाखवणारं त्याचं होकायंत्र चुकतं, असं जहाजावर नोकरी करणारा जावई जेन्सन सांगत होता. त्याच्या हातात तळहाताएवढा नवा जीपीएस होता.

"पप्पा, उपग्रह म्हणतो आपण सरळ पश्चिमेला चाललोय. तुमचं होकायंत्र वीस अंश दक्षिणेकडे दाखवतंय."

"उपग्रहाने वसईत कधी जाळं टाकलंय?" इनास फणकारला आणि मागे वळून किनाऱ्याकडे बघू लागला. बापाने शिकवलेली खूण पक्की होती. चर्चचा मनोरा तुंगारेश्वराच्या शिखराखाली राहिला, की बोट सरळ मावळतीला चालली. मनोरा शिखराखालून हलेना. इनासचा चेहरा उतरला.

जेन्सन होकायंत्राजवळ वाकला आणि हसतच सुटला. शेजारच्या पत्र्यावर वेलांकनी माऊलीची बोटभर मूर्ती चिकटली होती. गाडीत लावतात तसली, बुडाला लोहचुंबक असलेली. इनासची बायको रेजिना ती यात्रेहून घेऊन आली होती आणि बोटीला वाट दाखवावी म्हणून कालच तिने इथे बसवली होती.

इनासने छातीवर क्रूस काढला, माऊलीला हलकेच उचलून बोटीच्या पुढच्या टोकाला नेलं. होकायंत्राची तबकडी डुलत डुलत फिरली आणि पश्चिमेवर थांबली. मग इनास इतका हसला, की सुकाणू जेन्सनला धरावं लागलं.

संध्याकाळी धक्क्यावर रेजिनाने विचारलं, "माऊलीने वाट दाखवली ना?"

"दाखवली," इनास म्हणाला. "आधी जरा बाजूला झाली, मग दाखवली."