पाय धरायचं काम

लाज वाटती सांगाय, पर सांगतो. गिळून बसलं की काय हुतं ते मला चांगलं ठाव हाय.

मी आकाराम. वडूजच्या उगवतीला आमची वस्ती, मेंढरं आन् थोडी बाजरी. गेल्या साली माझी दारू अशी वाढली की कातर हातात धरली की हात लटालटा कापायचा. तशात चुलतभाऊ अर्जुनाच्या मेंढीची लोकर कातरताना तिची कास कापली. दोन दिसांत मेंढी गेली. अर्जुना मला एका शब्दानं बोलला न्हाई, आन् त्येच लय लागलं.

मग साताऱ्याला दारू सोडवायच्या केंद्रात दीड म्हयना काढला. तितल्या श्रद्धा मॅडम म्हणायच्या, बाटलीच्या आदी राग येतो, आन् रागाच्या आदी एक खोटा इचार येतो. तेवढा ओळखा आन् कुणाला तरी मोठ्यानं सांगा. घरी आल्यावर बिरोबाम्होरं भंडारा उचलला, म्हंजी देवाची हळद हातात घेऊन शपथ घेतली. ती मोडली की मानूस संपला, असं आमी लहानपणापास्नं ऐकत आलोय. बायको, बयाबाई, माहेरास्नं परत आली. नऊ म्हयनं थेंब शिवला न्हाई.

परवा अर्जुनाकडं कातरणी हुती. आमच्यात भावकीतला हरेक गडी अशा येळी जातो, मजुरी न्हाई, नुसतं जेवाण. अर्जुनानं समद्यास्नी कातरी दिल्या. मला म्हणाला, "आका, तू पाय धर." कातरताना मेंढीचं पाय धरायचं काम नवशिक्याचं. मी ईस वर्सं कातरतोय.

झालं, कानशिलं तापली. वाटलं, ह्यांच्या लेखी मी अजून बेवडाच, नऊ म्हयनं मातीत गेलं. हाच तो खोटा इचार, हे ध्यानातबी आलं न्हाई. खरा मानून तसाच घेऊन उठलो. जेवाण रांधाय आल्याल्या बयाबाईनं कुठं निघाला म्हणून इचारलं, तर चारचौघांत तिच्या बापाचा उद्धार केला आन् फटफटीला किक मारली.

वडूजच्या बारमधी बसलो. एक गिलास घशाखाली गेला आन् दुसरा इचार तयारच. भंडारा मोडला, आता एक काय आन् धा काय. हा मातर मी वळखला. मागं दोनदा दारू सोडली हुती, तवाबी ह्योच आलता. मॅडमना फोन लावला, लागला न्हाई. मग समोरच्या वाढप्यालाच मोठ्यानं सांगितलं, "गड्या, मला वाटतंय, एक झाली म्हंजी समदीच प्यावी."

त्यो म्हणाला, "मग भरू?"

त्याचं तरी काय चुकलं, त्याचा धंदाच त्यो. पर माझाच इचार त्याच्या तोंडून ऐकला आन् उठलोच. पैसं टाकलं, फटफटी तितंच सोडली आन् वडापच्या जीपनं माघारी आलो.

कातरणी चाललीच हुती. तोंडाला वास मारत हुता, लपवाय जागा न्हवती. अर्जुनाम्होरं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "एक गिलास पिऊन आलोय. तू पाय धर म्हणालास, त्याचा राग आलता."

समद्या कातरी थांबल्या. अर्जुना उठला, घरातनं एक फडकं आणून सोडलं. आत माझ्या बापाची जुनी कातर, नवी धार लावल्याली.

"तुझ्यासाठी धार लावाय दिलती, लोहाराकडनं यायची हुती," त्यो म्हणाला. "तवर घडीभर पाय धर म्हणालो."

घडीभर. मला घडीभर दम निघाला न्हवता. जिमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी हात म्होरं केला, पर त्यानं फडकं परत बांधलं. "आज न्हाई देत, आका."

बयाबाई अर्जुनाच्या देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊन आली. मी म्हणालो, नगं, मोडलाय मी.

"आवं, देवाची हळद काय एकदाच दळत्यात व्हय?" ती म्हणाली. वासानं तिनं तोंड फिरवलं, पर माझ्या कपाळाला भंडारा लावला.

मी मातीत बसलो आन् मेंढीचं पाय धरलं. तीबी माझ्या वासानं मान फिरवत हुती. सांज हुईस्तवर मी एक एक मेंढी धरली, आन् माझ्या बापाच्या कातरीनं अर्जुना कातरत हुता.