सहज सुचण्याजोगे

"म्हणजे साहेब, हे कुणालाही सुचलं असतं, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

सुनावणीच्या खोलीत, मेजापलीकडे बसलेल्या अर्जदार बाईंचा स्वर चढला नव्हता. परीक्षकांना तेच अधिक जड गेले. पेटंट कार्यालयात त्यांचे अवघे आयुष्य सरले होते. बाईंच्या सेन्सरला पेटंट नाकारणारा आदेश त्यांनी आदल्याच दिवशी लिहून ठेवला होता. उरली होती ती केवळ सही.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची गादी ओली होताच घंटा वाजवणारी पट्टी जुनीच. पण ती घामानेही वाजे. बाईंनी दोन पट्ट्या योजल्या: एक कमरेखाली, एक खांद्यांखाली. घाम दोन्ही भिजवतो. कमरेखालची तेवढी भिजली, तरच घंटा.

"धान्याच्या कोठारात अशीच दोन यंत्रं लावून ओलीतला फरक मोजतात," परीक्षक म्हणाले. "ते आणि जुनी पट्टी एकत्र केली की झाली तुमची रचना. जाणकाराला सहज सुचावं असं आहे हे, आणि अशाला कायदा पेटंट देत नाही."

आकृती झाकून आधी केवळ अडचण वाचावी, स्वतः उत्तर शोधावे, मगच आकृती उघडावी, हा त्यांचा व्रतासारखा पाळलेला नेम. या खेपेस 'अंथरुणाला खिळलेला रुग्ण' हे शब्द वाचले मात्र, हात अधीरपणे आकृतीकडे गेला होता. मग सारेच सोपे वाटले. "भाऊ, उत्तर बघून गणित सोडवलंत वाटतं!" शेजारच्या मेजावरच्या सहकारी बाईंनी चिडवलेही होते. त्यांनी ते हसण्यावारी नेले.

"तुमच्या घरी होतं का हो कुणी असं पडून?" अर्जदार बाईंनी विचारले.

"आई."

"पट्टी होती?"

"होती."

"मग घामानं वाजायची तेव्हा काय करायचात?"

प्रश्न नियमात बसत नव्हता. तरीही परीक्षकांनी उत्तर दिले.

"बंद करून ठेवायचो."

"आम्हीही तेच केलं. बाबांच्या पाठीला जखमा झाल्या, तेव्हा कुठे हे सुचलं." बाई किंचित हसल्या. "दुसरी पट्टी बघून आमचे हे म्हणतात, सासरेबुवा आता खांद्यांनीही गादी भिजवायला लागले की काय!"

परीक्षकांना हसू आले नाही. ओल ओळखणारी यंत्रे हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. कायद्याला अभिप्रेत असलेला तो जाणकार कितीएक रात्री त्या अंथरुणाशेजारी निजला होता. आणि कळ बंद करण्यापलीकडे त्याला काहीही सुचले नव्हते.

त्यांनी तयार आदेशावर आडवी रेघ ओढली.

"पुन्हा लिहितो मी हा. तुमच्या बाजूनं."

बाई आभार मानू लागल्या, तेव्हा परीक्षकांना वर पाहवेना.

एकटे उरल्यावर त्यांनी लिहिले : 'कोठार व रुग्णशय्या यांची सांगड घालावी, असे पूर्वीच्या कोणत्याही लेखातून सूचित होत नाही.' कारण खरे होते, पुरेसेही होते. दुसरे कारण लिहिण्याची तेथे सोय नव्हती.

त्या दिवसांत सकाळी आईची चादर ओली असे. "हाक का नाही मारलीस?" ते विचारत.

"तुझी झोप मोडली असती रे," आई म्हणे, आणि कुशीवर वळवून घेण्यासाठी त्यांच्या गळ्यात हात टाकी.