डावी पाकळी

आमच्या देवळातला पंखा कौल लावताना बंद करतात. भागोजी गुरवाचं म्हणणं, वाऱ्यानं पाकळी पडली असं उद्या कोणी बोलायला नको. हे 'कोणी' म्हणजे मी. नवलाई देवीच्या कौलावर तोंड वाजवणारा गावात दुसरा माणूस नाही. म्हणून आश्विनातल्या त्या दुपारी घामानं निथळत मी दारातल्या खांबाला टेकून बसलो होतो, आणि पंख्याचं बटण माझ्या हातापासून वीतभर लांब होतं.

आत माझी बायको सगुणा हात जोडून उभी होती. देवीच्या दोन्ही खांद्यांवर भागोजीनं एकेक ओली पाकळी चिकटवली होती. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न एवढाच होता की आज राहीनं पाण्यात उतरावं की नाही.

राही आमची एकुलती एक. ती जपानात होती, आशियाई स्पर्धेत, बायकांच्या दोनशे मीटर बॅकस्ट्रोकच्या फायनलला. फायनलला आठ जणी घेतात, त्यात ही शेवटची. पण सकाळच्या फेरीत तिचा खांदा पुन्हा दुखायला लागला. गेल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत हाच खांदा भर शर्यतीत निखळला होता. मी समोर बसलो होतो. ती मधल्या पाण्यात थांबली, एक हात दोरीवर टाकला आणि छताकडे तोंड करून पडून राहिली. तिला बाहेर काढेपर्यंत मी त्या लाइफगार्डच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार केला. त्यानंतर कित्येक महिने भिंतीवरचं घड्याळ काढायलाही तिला हात वर नेता येत नव्हता. पुन्हा निखळला तर पोहणं कायमचं सुटेल, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

आता तिकडचे डॉक्टर म्हणाले, खांदा टिकेलही, नाही टिकणारही, निर्णय तुझा. आणि ह्या एवढ्या शिकलेल्या पोरीनं तो निर्णय नवलाईवर टाकला. सकाळी तिचा फोन आला. "आई, कौल लाव. उजवा आला तर उतरते, डावा आला तर नाव मागे घेते. आत जायच्या आधी फोन करीन. एकदा आत गेले की फोन जवळ ठेवू देत नाहीत."

ही सवय जुनी आहे. राही बारा वर्षांची असताना रत्नागिरीतल्या तिच्या सरांनी सांगितलं, हिला पुण्याला पाठवा. मी तेव्हा जहाजावर फिटर होतो. मी बोटीवरून फोनवर 'नको' म्हणालो आणि विषय संपला असं समजलो. सगुणा गुपचूप देवळात गेली, उजवा कौल मिळाला, अख्ख्या गावाला कळलं. मी सुट्टीवर येईपर्यंत पोरगी पुण्याच्या होस्टेलवर पोहोचलीसुद्धा! तेव्हापासून प्रत्येक वेळी असंच. दिल्लीला जाऊ का, नको. परदेशी सरावाला जाऊ का, नको. माझ्या तोंडातून 'नको' निघायचं आणि देवळातून 'हो' यायचं. मायलेकी आणि देवी, तिघी एका बाजूला. मी चिडून म्हणायचो, "ओली पाकळी सुकली की पडते. पाकळी पडली म्हणा. देवीनं दिला कशाला म्हणता?" राही हसायची आणि बॅग भरायला लागायची.

आणि त्या दुपारी मी काय करत होतो? मनातल्या मनात त्याच पाकळीला विनवत होतो, डावी पड बाई, डावी पड. माझी मलाच लाज वाटत होती. पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

भीती मला पाण्याची. उभा जन्म पाण्यावर काढलेल्या माणसानं हे बोलू नये, पण खरं आहे ते. आमच्या बोटीवरचा एक चांगला पट्टीचा पोहणारा माणूस बंदराचा धक्का आणि बोट यांच्यामध्ये पडला, घाबरून हातपाय मारत पालथा झाला आणि संपला. घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर राहीला खाडीवर नेलं. ती तेव्हा पाच वर्षांची. तिला पोहायला नाही शिकवलं, उताणं पडायला शिकवलं. तिच्या पाठीखाली हात धरून सांगायचो, "तोंड वर ठेव. तोंड वर असलं की माणूस जगतो." थोड्या वेळानं ती म्हणायची, "बाबा, काढा हात." मी "काढला" म्हणायचो आणि दोन बोटं तशीच लावून ठेवायचो. तिला ते कळायचं. ती पुन्हा म्हणायची, "काढा ना."

तिचा बॅकस्ट्रोक तिथून सुरू झाला. माझ्या भीतीतून निघाला आणि कुठल्या कुठे गेला.

"हलत नाय," भागोजी आतून म्हणाला. "देवीनं काय मनावर घेतलान नाय अजून."

"तिचा फोन येईल एवढ्यात," सगुणा म्हणाली.

"येवंदे. देवीला घाई करून चालत नाय."

माझा हात कधी बटणाकडे गेला मलाच कळलं नाही. कुठली का होईना, एक पाकळी पडू दे आणि हे संपू दे, असं झालं होतं. सगुणानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला आणि उगाच मान खाजवली.

आणि त्याच वेळी पाकळी पडली.

भागोजीनं वाकून बघितलं. "डावी," तो म्हणाला.

"पुन्हा लाव," सगुणा म्हणाली.

"असा कसा लावू? एका गोष्टीला एकदाच कौल, सगुणा. तुला काय म्हायत नाय?"

सगुणा मटकन खाली बसली. मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, अगदी मनापासून हायसं वाटलं. पोरगी आता पाण्यात उतरणार नाही. खांदा बरा होईल, ती घरी येईल, पुढचं पुढे बघू. फोन वाजला तेव्हा मी उठून पायऱ्यांवर गेलो, कारण आमच्याकडे धड रेंज तिथेच येते. सगुणा पाठोपाठ आली. मी तिच्यापुढे फोन धरला. तिनं मानेनंच नाही म्हटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हॅलो, आई?"

"मी बोलतोय," मी म्हणालो.

"बरं झालं तुम्हीच घेतलात. आई माझ्यासाठी खोटं बोलली असती. तुम्ही नाही बोलणार." तिच्या मागे कसला तरी गलका चालला होता, कोणीतरी इंग्रजीत नावं पुकारत होतं. "काय झालं, बाबा? लवकर सांगा, बोलावतायत."

मी तोंड उघडलं. 'डावा' हा शब्द अगदी ओठांवर होता. पण तिनं श्वास धरल्याचं मला फोनवर कळत होतं. खाडीत मी हात काढायच्या आधी ती अशीच श्वास धरायची. ती खांद्याला घाबरलेली नव्हती. मी काय सांगणार, त्याला घाबरली होती.

"उजवा," मी म्हणालो. "देवीनं उजवा दिला."

पलीकडे नावं पुकारणं तेवढं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "बरं. ठेवते," आणि फोन बंद झाला.

भागोजी दारात उभा होता. "आत्माराम," तो म्हणाला, "देवीच्या पायरीवर उभा राहून बोललास रे."

मला वाटलं सगुणा आता मला फाडून खाईल. पण तिनं पदरानं तोंड पुसलं, आत गेली आणि म्हणाली, "भागोजी, गाऱ्हाणं घाल."

"कसला?"

"चुकलं माकलं पोटात घाल म्हणून सांग तिला. माझ्या पोरीचा हात सांभाळ म्हणून सांग."

मी पायरीवर बसलो आणि मोबाइलवर स्पर्धा लावली. मोबाइल गुडघ्यावर टेकवून ठेवला. हे काय करून बसलो मी? देवी आहे की नाही ते देवी जाणे, पण पोरीनं विचारलं होतं मला, आणि तिचा खांदा मी पणाला लावला होता. आता निखळला तर तो माझ्या जिभेनं निखळला. मी उठून पुन्हा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

आठ जणी आल्या. राही कडेच्या लेनमध्ये. सगळ्या पाण्यात उतरल्या, भिंतीला पाय लावून दांडीला लटकल्या. राहीनं खांदा एकदा फिरवला. मी देवळाच्या पायरीवर माझा खांदा फिरवला.

शिटी झाली. पहिल्या खेपेला ती बरी होती. बॅकस्ट्रोकमध्ये माणसाला पुढचं काही दिसत नाही, नुसतं छत दिसतं, आणि भिंत जवळ आली की वर लावलेल्या पताका. ती छताकडे बघत होती आणि मी तिच्या त्या एका हाताकडे. वर येतोय, मागे जातोय, पाण्यात शिरतोय. वर येतोय. दुसऱ्या खेपेला तो हात उशिरा यायला लागला. बाकीच्या पुढे सरकल्या. मी दात आवळून "पुरे, थांब, पुरे" म्हणत होतो.

आतून भागोजीचा आवाज येत होता, "आई नवलाये, आज ह्या लेकरानं तोंडातनं जो शब्द काढलान, तो तू पोटात घाल..." आणि त्यावर सगुणाचा एकटीचा बारीक आवाज, "होय महाराजा!" एरवी गाऱ्हाण्याला 'होय महाराजा' म्हणायला सगळं गाव असतं, तिथे ती एकटी सगळ्या गावाचं काम करत होती.

तिसऱ्या खेपेला चित्र अडकलं. राहीचा हात हवेत आणि मधोमध ते गोल गोल फिरणारं चक्र. मी मोबाइल उचलून वर धरला, पायरीवर उभा राहिलो, कठड्यावर चढलो. हात हवेतच. असाच अडकला होता का तो? निखळला तेव्हाही असाच दिसला होता. मी मोबाइल कंपनीला, जपानला, त्या डॉक्टरला आणि शेवटी स्वतःला, सगळ्यांना शिव्या घातल्या. देवळाच्या कठड्यावर उभा राहून आई-बहिणीवरून शिव्या देणारा माणूस देवीनं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला असेल.

"होय महाराजा," आतून आवाज आला.

चित्र सुटलं तेव्हा चौथी खेप चालू होती. मी डोकी शोधली. सहा पुढे, मग थोडी जागा, आणि मग दोघी जवळजवळ. त्यातली एक आमची. हात वाकडा येत होता, पण येत होता. पताका गेल्या. भिंत आली. फलकावर नावं उमटली. राही मयेकर, सातवी.

मी खाली बसलो. पण ती बाहेर येईना. बाकीच्या एकमेकींना मिठ्या मारत होत्या आणि ही तशीच उताणी, एक हात दोरीवर. मग तिनं दोरीवरचा हात काढला. कशालाही न धरता ती नुसती पाण्यावर पडून राहिली, तोंड वर करून. थोड्या वेळानं वळली, शिडीकडे गेली आणि आपली आपण वर आली. मी ढसाढसा रडलो. भागोजीनं बाहेर येऊन पंखा लावला आणि आत गेला.

तिचा फोन बऱ्याच वेळानं आला. सगुणा अजून आतच होती.

"खांदा?" मी विचारलं.

"दुखतोय. खूप दुखतोय. पण जागेवर आहे." मग ती म्हणाली, "बाबा, डावा होता ना?"

"तुला कोणी सांगितलं? भागोजीनं फोन केला?"

"तुम्हीच सांगितलंत. 'देवीनं दिला' म्हणालात. जन्मात कधी म्हणालात का? तुमची आपली पाकळी पडते."

"अगो मग उतरलीस कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच. "कळलं होतं ना तुला? मग कशाला उतरलीस?"

"तुम्ही हो म्हणालात म्हणून."

मी कठड्याला टेकलो.

"इतकी वर्षं," ती म्हणाली, "तुम्ही एकदाही हो म्हणाला नव्हतात. तुम्ही नको म्हणायचात म्हणून तर आईला देवळात पाठवत होते मी."

समोर अंगणात ऊन कलत होतं.

"पुढच्या वेळी मी नको म्हणेन," मी शेवटी म्हणालो. "आधीच सांगून ठेवतो. तो खांदा पूर्ण बरा झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"म्हणा ना नको. पण तुम्ही म्हणा. आईला नका पाठवू, तिचे गुडघे दुखतात."

सगुणा खांबाला धरून बाहेर येत होती. मी तिच्या हातात फोन दिला आणि चपला शोधायला पायऱ्या उतरलो.