न आलेली सात मुलं

सकाळी डोळे उघडले की आधी मोबाइल बघायचा, ही सवय आपल्यापैकी किती जणांना असते! पोटविकार विभागातल्या मॅडमनाही होती. फक्त त्या निरोप बघत नसत. आपल्या शोधनिबंधांचा दाखला जगात आणखी कुणी दिला, ते बघत. एकूण निबंध चौऱ्याऐंशी. त्यातला एक म्हणजे हुकमाचा पत्ता, लहान मुलांचे लांबलेले जुलाब थांबवणाऱ्या औषधावरचा. सहाशे बारा दाखले! त्याच्याच जोरावर त्या विभागप्रमुखपदाचा अर्ज भरत होत्या.

"मॅडम, बाहेर एक आई केव्हाची बसलीये," वॉर्डच्या सिस्टर दारातून म्हणाल्या. निवृत्तीला आलेल्या सिस्टर कुणाची भीड ठेवत नसत. "अर्ज काही पळून जात नाही. बाळ मात्र मलूल दिसतंय."

आई आत आली. खांद्यावर आठ महिन्यांचं बाळ. तिने टेबलावर एक वही ठेवली.

"ओळखलंत? चिमीची आई. पाच वर्षांपूर्वी तुमच्या अभ्यासात होती ती. रोज लिहा म्हणाला होतात. लिहिलं, आणून द्यायचं धाडस झालं नाही."

मॅडमनी वही उघडली. छापील रकान्यांत दिवस, औषधाचे चमचे, जुलाब. तिसऱ्या दिवसापासून जुलाब शून्य. आणि समासात, कारण पोटासाठी रकानाच नव्हता, बारीक अक्षरात: 'पोट फुगलंय.' 'टणक लागतं.' 'दूध घेत नाही.' नवव्या दिवशी चमचे नव्हते. नुसतं लिहिलं होतं, 'गेली.'

मॅडमनी पानं पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"आता याला जुलाब लागलेत," आई सांगत होती. "आमच्या डॉक्टरांनी तेच औषध दिलंय. काल दोन चमचे पाजले. आज हात धजेना. तर ते म्हणतात, मोठ्या डॉक्टरांनी एवढ्या मुलांवर तपासलंय, तुम्ही उगीच घाबरता." ती थांबली. "मला एवढंच सांगा. त्या मुलांत माझी चिमी धरलीये ना हो?"

निबंधातली ती ओळ मॅडमना पाठ होती: सात मुले पुन्हा तपासणीस आली नाहीत, त्यांना निष्कर्षात धरलेले नाही.

"नाही धरली," त्या कशाबशा म्हणाल्या. "ते औषध देऊ नका. एक थेंबही नाही!"

"मग कुठे गेली म्हणून लिहिलंत?"

"मला माफ करा..."

"माफीचं नंतर बघू. आधी याचं पोट बघा."

पोट फुगायला लागलंच होतं. बाळाला लगेच दाखल केलं. खोलीत परतल्यावर मॅडम खुर्चीत कोसळल्या. "सगळेच असं करतात, सिस्टर. जे येत नाहीत त्यांना सोडून देतात."

"लग्नाला न आलेल्या पाहुण्याचीसुद्धा चौकशी करतो आपण! सातांचे नंबर मी स्वतः लिहून दिले होते. लेकरू गेल्यावर आई दवाखान्याची पायरी कशाला चढेल? तुमचा निबंध पुरा करायला?"

मॅडमनी अर्ज बाजूला सारला आणि जुनी यादी मागवली. उरलेल्या सहा घरी फोन लावले. दोन कुटुंबं घर बदलून गेली होती, नंबरही बंद. दोन मुलं ठणठणीत, त्यांतला एक तर फोनवरच ओरडत होता. उरलेल्या दोन घरी मात्र बोलणं लांबलं. पोट फुगलं होतं. दूध सुटलं होतं. शेवटची आई फोन ठेवताना इतकंच म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

चिमी धरून तीन लेकरं गेलेली! त्या मोठमोठ्याने रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी नियतकालिकाला पत्र लिहिलं: माझा निबंध मागे घ्या, हे औषध तान्ह्या मुलांना देऊ नये, हे सर्वांना कळवा. पद हातचं गेलं. सहकारी म्हणाले, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला! चिमीचा भाऊ पाच दिवसांनी घरी गेला. जाताना त्याच्या आईने मॅडमना नमस्कार केला नाही, आणि मॅडमना ते बरोबरच वाटलं.

वाचकहो, शाळा असो, दवाखाना असो, की आपली गल्ली. जे येतात त्यांची मोजदाद करून आपण खूश होतो. जे आले नाहीत, त्यांच्या दारापर्यंत जाऊन एकदा विचारा. कदाचित उशीर झालेला असेल. तरीही विचारा. आत त्यांची आई असते.