दोन बटणांचं आणि तीन बटणांचं

पेर्सिदा दुकानात शिरली तीच मुळी भांडायच्या तयारीनं. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, पर्स छातीशी धरलेली, आणि मागे गिटारची पेटी सांभाळत धाकटा मुलगा ओग्नेन. सर्बियातल्या नोव्ही साद शहराच्या बोळातलं ते वाद्यांचं दुकान एवढंसं, त्यात ही बाई. दुकानदार तिहोमिर उगीचच उठून उभा राहिला.

"बसा ना काकू."

"बसायला नाही आले. काय आहे ते दाखव. आणि महागातलं काढू नकोस, आधीच सांगते. टायरच्या दुकानात काम करतो हा, बँकेत नाही!"

"आई, गप ना जरा."

"का गप? खोटं बोलले का?"

थोरला स्त्राहिन्या मागच्या वर्षी तिसा नदीत बुडाला. दोघे भाऊ एकाच बँडमध्ये, दोघांच्या दोन गिटारी. तो गेला आणि घरात वर्षभर रेडिओसुद्धा लागला नाही. दुखवट्याच्या घरात संगीत म्हणजे पापच. ओग्नेनची गिटार माळ्यावर गेली. वर्षभर त्याची बोटं शिवशिवत होती, आणि शिवशिवतात म्हणून त्याला स्वतःची लाज वाटत होती. गेल्या शनिवारी वर्षाची प्रार्थना झाली, थडग्यापाशी शिजवलेला गहू वाटला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी बँडची पोरं दारात हजर. येतोस का परत?

पेर्सिदा हो म्हणाली, पण अट घालून. माझ्या मुलाच्या जागी परका उभा राहायचा नाही. आता दोन गिटारींची गाणी एकट्यानं कशी वाजवायची? ढोलवाला म्हणाला, पायाखाली एक पेडल घे, एकाचे दोन आवाज करणारं. झालं! बाईंनी कोटच चढवला. "निवडायला मी येणार. माझ्या थोरल्याचा आवाज तुमच्यापैकी कुणाला कळतो?"

ओग्नेनला वाटलं, येऊ दे. त्या निमित्तानं आई आपलं वाजवणं तरी ऐकेल. आजवर तिनं ते नीट कधी ऐकलंच नव्हतं. घरात दोघं वाजवत आणि कौतुक व्हायचं थोरल्याचं.

तिहोमिरला सगळं ठाऊक होतं. त्यानं न विचारता राकियाचे, म्हणजे फळांच्या कडक दारूचे, तीन पेले भरले. कुणी पेल्याला पेला लावला नाही. पेर्सिदानं फरशीवर दोन थेंब सांडले, गेलेल्यासाठी, आणि उरलेली एका घोटात संपवली. मग कामाला लागा म्हणाली.

पहिलं पेडल लावलं. ओग्नेननं तार छेडली आणि अँपच्या स्पीकरमधून आवाज गरगरत बाहेर आला.

"शी! मोरीत पाणी जातंय का?"

"काकू, याला फेजर म्हणतात. पोरं वेडी होतात यावर."

"होऊ देत. पुढचं काढ."

दुसऱ्यानं विमान उडाल्यासारखा आवाज काढला. पेर्सिदानं नुसतं तिहोमिरकडे पाहिलं, त्यानं मुकाट्यानं ते काढून ठेवलं. मग त्यानं एक निळं, पोचा आलेलं, दोन बटणांचं पेडल आणलं. "कोरस. सगळ्यांत स्वस्त. हा वाजवेल तो आवाज जसाच्या तसा येणार, आणि त्याच्या मागोमाग त्याचीच नक्कल, कणभर उशिरा, जरा डगमगत."

ओग्नेननं त्यांच्या जुन्या गाण्याची सुरुवात वाजवली, आणि खरंच दोन गिटारी वाजू लागल्या.

पेर्सिदाचा चेहरा उतरला. "उशिरा येतोय," ती पुटपुटली. "बघ, मागून येतोय. तो असाच यायचा रे! नेहमी तुझ्या मागून."

ओग्नेनच्या अंगावर काटा आला. खरं होतं ते. स्त्राहिन्या प्रत्येक सुरावर केसभर मागे असायचा, आणि त्यावरून दोघांची रोज कटकट व्हायची.

"पण हा मधे येतोय," पेर्सिदा म्हणाली. "पुढचा आवाज. तो कमी कर. मला मागचा ऐकू दे."

"यात होत नाही काकू, दोन्ही बरोबरच येतात. ते करायचं तर तीन बटणांचं घ्यावं लागेल." तिहोमिरनं काचेतून दुसरं काढलं. "थोडं महाग आहे, पण फार नाही. या तिसऱ्या बटणानं मूळ आवाज हवा तेवढा कमी करता येतो."

बाईंनी किंमत विचारली नाही. भाजीवाल्याशी अर्धा तास घासाघीस करणारी बाई! तिनं खाली वाकून स्वतःच ते बटण शेवटपर्यंत फिरवलं.

आता एकच आवाज उरला. ओग्नेनची बोटं तारेवर पडत होती, पण त्यानं मारलेला सूर कुठेच नव्हता. क्षणभरानं यायचा तो दुसराच कुणी, डगमगता, ओला. पेर्सिदानं खुर्ची ओढली, अँपकडे तोंड करून मांडली आणि बसली. पाठ ओग्नेनकडे.

"आला," ती म्हणाली. "आला ग बाई माझा."

तो वाजवत राहिला. थांबायची त्याला भीतीच वाटू लागली. बोट उचललं की हिचा मुलगा दुसऱ्यांदा जाणार, आणि या खेपेला आपल्या हातानं. पण शेवटी गाणं संपलंच. अँप नुसता घुमत राहिला.

"दमला असेल," पेर्सिदा हळूच अँपला म्हणाली. "बस हं जरा."

"आणि मी, आई?"

ती वळून बघायला लागली, जणू तो आत्ताच दुकानात आला होता. "तू काय, तू आहेसच की."

ओग्नेनला रडू फुटायचंच बाकी होतं. त्यानं वाकून तीन बटणांचं पेडल काढलं आणि तिहोमिरच्या हातात दिलं. "निळं दे."

"अरे का?" पेर्सिदा म्हणाली. "इतका छान येत होता तो!"

"येत होता ग. पण त्यात मी कुठेच नव्हतो. रोज पायानं दाबायचं आणि रोज आपण नाहीसं व्हायचं, हे मला नाही जमणार. यायचं तर त्यानं माझ्याबरोबर यावं."

पेर्सिदा त्याच्याकडे बघतच राहिली. मग उठली, खुर्ची फिरवली आणि त्याच्यासमोर बसली. तिहोमिरनं निळं पेडल जोडलं. दोन्ही गिटारी पुन्हा वाजू लागल्या, एकमेकींत मिसळलेल्या.

"यातला तुझा कुठला?" तिनं विचारलं.

"पुढचा. जो आधी येतो तो."

तिनं डोळे मिटले, मान वाकडी केली आणि कान दिला. ओग्नेन तिच्या चेहऱ्याकडे बघत वाजवत होता. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, तरी तिच्या कपाळावरची आठी जाईना. हात मात्र मांडीवर ताल धरून होता, प्रत्येक सुराला केसभर उशिरा.

"ऐकू येत नाही रे," ती कासावीस होऊन म्हणाली. "ओग्नेन, तू मला सापडत नाहीस."

"सापडेन, आई," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागला.