पाना फिरायला जागा

“स्क्रीनवर बोल्ट काढलास खरा, पण ह्याला पाना लावायचा कुठून? आभाळातून?”

दत्ताराम लेकीच्या, संघमित्राच्या, कानाशी पुटपुटले. मिलमध्ये ते तीस वर्षं फिटर होते. मिल गेली, पुटपुटणं राहिलं. रोज दुपारी डबा घेऊन लेकीच्या लोअर परळच्या ड्रॉइंगच्या गाळ्यात यायचे आणि स्क्रीनकडे असे बघायचे, जणू उसनी दिलेली करवत दात पडून परत आलीय.

“बाबा, आत्ता नको. साहेब जिना चढतायत.”

पण संघमित्राने बोल्टजवळचा भाग मोठा करून बघितला. कॉम्प्युटरने चूक म्हणून कुठेच लाल दाखवलं नव्हतं. पंपाचं झाकण बसत होतं, बोल्ट बसत होते. शेजारचा पाइप मात्र इतका खेटून, की पाना जरासुद्धा वळला नसता.

“आपण काढलं ते स्केच साहेबांचंच आहे,” तिचा भागीदार विकास कुजबुजला. “मुद्दाम चुकवून दिलं असेल, आपण पकडतो का बघायला. नायतर खरंच चुकलं असेल, मग बोट दाखवलं की राग. दोन्हीकडून मेलो. गप बस तू.”

चाकणच्या कंपनीचे हितेंद्र साहेब आत आले. हे नमुन्याचं ड्रॉइंग पसंत पडलं तर वर्षभराचं काम. नाही पडलं तर गाळा बंद करून दोघांनी पुन्हा नोकऱ्या शोधायच्या. साहेबांनी मांडीवरची बॅग खाली ठेवली नाही. चहाला हात लावला नाही. खुर्च्या मात्र मोजल्या.

“हे इथेच काढलं? की आणखी कुणाकडून करून घेतलं?”

“इथेच, सर,” विकास म्हणाला.

“मागच्या ड्रॉइंगवाल्यांनीही हेच सांगितलं होतं.”

संघमित्राला वाटलं, हा माणूस काम द्यायला आलाच नाहीये. चोर धरायला आलाय.

“असला पंप उघडताना बघितलाय तुम्ही?”

“पंपांची पुष्कळ ड्रॉइंग केलीयत, सर. दोघांचा मिळून बारा वर्षांचा...”

“उघडताना, म्हटलं मी.”

विकास माउसशी चाळा करू लागला. दत्तारामांनी डब्याचं झाकण आवाज न करता परत लावलं. लेकीकडे त्यांनी बघितलंही नाही. रागावले असते तर बरं, असं तिला झालं.

“सर, हे झाकण उघडणार नाही,” ती म्हणाली. “पाइपामुळे पाना फिरत नाही. तुमच्या स्केचमध्येही फिरत नाही.”

साहेबांनी वाकून स्क्रीनवरचा पाइप बघितला. मग बॅग जमिनीवर ठेवली आणि चहाचा कप ओढून घेतला.

“हे कुणी पकडलं? तुम्ही?”

विकासने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. हो म्हण.

“माझ्या बाबांनी. दहा मिनिटांपूर्वी,” संघमित्रा म्हणाली. “आम्ही दोघांनी आजवर एकही पंप उघडलेला बघितला नाहीये, सर. नुसते स्क्रीनवर काढलेत.”