पहिल्या मंगळवारचं जेवण

शीतळादेवीच्या व्रताचं पुस्तक निघण्याआधी बद्रीनाथ मास्तरांच्या नावावर एक ओळसुद्धा छापलेली नव्हती. जन्मभर पोरांना शुद्धलेखन घातलं, पेन्शनीत निघाले, आणि मग एक दिवस जालन्याच्या सदर बाजारातले पुस्तकवाले उत्तमचंद त्यांना म्हणाले, "मास्तरजी, बायकांना पोथी पाहिजे. संस्कृत नको, बिलकुल साधं लिहा. बत्तीस पानं बस झाली." मास्तर आठ दिवस नको नको म्हणत राहिले आणि नवव्या दिवशी दौत भरून बसले.

अडचण अशी होती, की देवीचं सगळं बायकांच्या हाती. लेकराच्या अंगावर फोड उठले, म्हणजे देवी घरात आली. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, चुलीवर फोडणी बंद होते, आणि पुरुषांनी ओसरीवर बसून राहायचं असतं. मास्तरांना यातलं काय ठाऊक असणार? ते ठाऊक होतं सोनूबाईला. कुंडलिका नदीच्या काठी शीतळेचं ठाणं ती चाळीस वर्षं सांभाळत होती. ती यायची, स्वयंपाकघरात मास्तरांच्या बायकोजवळ, दुर्गाबाईंजवळ, बसायची आणि सांगायची. मास्तर ओसरीवर भिंतीला कान देऊन लिहून घ्यायचे.

सोनूबाईचं सांगणं मागचं पुढं, पुढचं मागं. पाच सवाष्णी जेवू घालायच्या, दहीभात, आणि ज्याच्या अंगी देवी आली त्या लेकराच्या हातानं त्यांना कुंकू लावायचं, हे तिनं सांगितलं. कधी, ते राहून गेलं. मास्तरांच्या ओठांवर प्रश्न आला होता. पण परक्या बाईला आतल्या घरात हाक मारायची म्हणजे त्यांना कानाच्या पाळ्या तापल्यासारखं व्हायचं. विचारू उद्या, म्हणाले. उद्या झालं, परवा झालं. शेवटी त्यांनी डोकं चालवलं. महालक्ष्म्या येतात, जेवतात, जातात. आल्यावर आधी जेवण, मग पाठवणी. ही देवीही पाहुणीच की! त्यांनी लिहिलं, 'देवी अंगी येताच पहिल्या मंगळवारी पाच सवाष्णी लेकुरवाळ्या जेवू घालाव्यात.' वाक्य ठसठशीत उतरलं. चैत्र लागेपर्यंत हजार प्रती उठल्या.

त्या वर्षी देवीची साथ होती. मंगळवारी सकाळी परतूरहून मास्तरांच्या थोरल्या बहिणीचं, द्वारकाक्काचं, कार्ड आलं. ताक मागायला सोनूबाई दारात उभी होती. मास्तरांना राहवलं नाही. तिला आपला मान कळावा म्हणून त्यांनी कार्ड मोठ्यानं वाचून दाखवलं. नातवाला देवी आल्या आहेत, तुझ्या पुस्तकाबरहुकूम सगळं करते आहे, मंगळवारी पाच जणी जेवायला सांगितल्या आहेत.

"कोन्ता मंगळवार?" सोनूबाईनं विचारलं.

"आजचाच. पहिला मंगळवार."

सोनूबाईनं ताकाचा लोटा खाली ठेवला. "मास्तर, खपल्या पडल्यात का लेकराच्या?"

"छे! परवाच तर आल्या."

"आन् उंबरा वलांडून बाया आत घेऊन राह्यली? लेकरासगट?" म्हातारीचा आवाज चिरला. "आवं, खपल्या गळून न्हाणं झाल्याबिगर त्या घराचा वारा कुनी घेत न्हाई. जेवन देवी गेल्यावर असतंय. जे पोरगं उठून बसलं त्याच्या हाताचं कुकू. कुनी सांगितलं ह्यांना हे?"

मास्तरांनी कार्ड घडी घालून खिशात ठेवलं. दुर्गाबाईंनी आतून त्यांच्याकडे एकदाच पाहिलं.

अकराची गाडी मिळाली. परतूरपर्यंत मास्तर एकच वाक्य घोकत होते. 'अक्का, पुस्तक चुकलंय, सगळ्यांना घरी पाठव.' सोपं वाक्य. शाळेतल्या पोरालाही म्हणता आलं असतं. प्रत्येक स्टेशनाला मास्तर ते पुन्हा म्हणून पाहायचे आणि प्रत्येक स्टेशनाला ते जरा हळू निघायचं.

अक्काच्या दारावर डहाळा होता. दार मात्र उघडं होतं. आत पाटांवर पाच जणी बसलेल्या, मांडीवर, पाठीशी लेकरं. पानं वाढून झाली होती. नातू घोंगडीत गुंडाळलेला, सुनेच्या कडेवर होता. ती त्याचं कुंकवाचं बोट धरून एकेकीच्या कपाळाला टेकवत होती. त्या हातावर फोडांना जागा उरली नव्हती.

"अगं बया! पोथीवाला आला!" अक्का हरखली. ती विधवा, म्हणून पंगतीच्या बाहेर उभी होती. "बघा गं, हाच माझा बद्री. लहानपणी चुलत बहिनी आल्या तर कणगीमागं दडायचा. आता साऱ्या बायका ह्याच्या हुकमावर चालून राह्यल्या."

बायका पदराआड हसल्या. मास्तर उंबऱ्याबाहेरच थांबले.

"अक्का, जरा... ते पुस्तकात..."

"काय? मोठ्यानं बोल की. मास्तर व्हतास ना?"

"चुकलंय. जेवण आज नसतं. नंतर असतं."

 पहिल्या पाटावर नंदाबाई होती, चार बुकं शिकलेली. पुस्तक तिच्यापाशीच होतं. तिनं शेवटचं पान काढलं आणि पोरांना धडा वाचावा तसं बोट फिरवत वाचलं, "'जो कोणी या विधीत खंड पाडील, भरल्या पानावरून उठेल, त्याच्या घरी देवी कोपेल.' हे तुमीच लिवलं न्हवं, मास्तर?"

असल्या पुस्तकाच्या शेवटी असं काही असतं, म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं. सोनूबाईच्या तोंडचा त्यात एकही शब्द नव्हता.

"ते मी मनानं रचलं," मास्तर म्हणाले.

"मनानं?" अक्का म्हणाली. "देवीचं कुनाला मनानं रचता येतं व्हय? तिनंच वदवलं तुझ्याकडून. तुझी काय छाती, येड्या!" पुन्हा हसू फुटलं.

तेवढ्यात शेवटच्या पाटावरची सगुणा उठली. कोवळी पोर, कडेवर दोन वर्षांची मुलगी. अर्धी उठली आणि तशीच वाकून राहिली. तिनं मास्तरांकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मास्तरांनी एवढंच म्हणायचं होतं, की जा बाई, माझ्यावर पाप. सगळ्या बायका आता त्यांच्याकडे बघत होत्या. कानाच्या पाळ्या तापल्या. मास्तरांनी मान खाली घातली.

सगुणा पुन्हा पाटावर बसली. तिनं दहीभाताचा पहिला घास मुलीला भरवला.

अक्काचा नातू वाचला. नाकाडोळ्याला धक्का न लागता वाचला. परतूरभर झालं, की पुस्तकाप्रमाणं केलं म्हणून पोर हाती लागलं. पाच जणींच्या घरांत पंधरवड्यात देवी आल्या. नंदाबाईचा एक मुलगा गेला, दुसऱ्या एकीचा दीर गेला, सगुणाची मुलगी गेली. लोक म्हणाले, ह्यांचं काही सोवळ्यात चुकलं असेल. उत्तमचंदांकडे मागणी वाढली. मास्तर हात जोडून दुकानात उभे राहिले, ते पान बदला म्हणाले. उत्तमचंद कासावीस झाले. "मास्तरजी, देवीची पोथी गलत निघाली म्हणू? दुकान जाळतील. पुढच्या आवृत्तीत बघू." पण तीही छापून, बांधून तयार होती.

ज्येष्ठात मास्तर परत परतूरला गेले. अक्काकडे न जाता सगुणाचं घर विचारत गेले. ती अंगणात दाणे निवडत होती. तोंड व्रणांनी भरलेलं, एक डोळा पांढरा. मास्तरांना ओळखून तिनं पदर घेतला.

या वेळी मास्तरांनी वाक्य अडखळू दिलं नाही. "बाई, चूक माझी. पुस्तक खोटं आहे. त्या दिवशी तू जायला पाहिजे होतंस. मी बोललो नाही."

सगुणानं सूप खाली ठेवलं. "न्हाई, मास्तर. मी पानावरून उठल्ते. सगळ्यांनी बघितलं. सासूबाई बी तेच म्हणतात, म्हणून पोर गेली. तुमी मोठ्या मनाचे, म्हणून स्वतःवर घेऊन राह्यले."

"अगं, ऐक. ते मीच लिहिलंय. मला माहीत आहे."

"तेच म्हणते," ती म्हणाली. "तुमीच लिवता." आतून सासूचं खाकरणं आलं. सगुणानं आवाज उतरवला. "मला घरातल्या देवाला हात लावू देत न्हाईत आता. मला परत दिवस गेलेत. मी उठल्ते, त्याला काय उतारा लिवलाय का पुस्तकात?"

"नाही," मास्तर म्हणाले.

तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "मंग लिवा की."